चोवीस सालची फळी

माझ्या आजेसासऱ्यांनी कापून माळ्यावर ठेवलेली फळी माझ्या धाकट्या सुनेच्या कॉम्प्युटरने एका सकाळी वर्षभराची तान्ही करून टाकली. जी फळी माझ्याहून मोठी, माझ्या सासूहूनही मोठी, तिला हे यंत्र म्हणतं ओली आहे, खोक्यांच्या कारखान्याला पाठवा. आणि आमच्या घरातली शिकलीसवरलेली माणसं काय करतात? पाठवतात!

नीटच सांगते सगळं, कारण आमच्या घरात जो तो आपल्याला सोयीचं तेवढंच सांगतो.

आमची लाकडाची वखार आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी चौथी पास होते आणि आजही तेवढीच पास आहे. पण नवरा गेल्यापासून वखार मी चालवते, आणि माझ्या शब्दाशिवाय तिथे करवत फिरत नाही. झाड आलं की फळ्या पाडायच्या, मधे पट्ट्या घालून थप्पी रचायची आणि वाळू द्यायचं. लाकूड जुनं झालं की शहाणं होतं. वाकायचं ते वाकून झालेलं, तडकायचं ते तडकून झालेलं. माणसांचं तसं होत नाही, निदान माझ्या घरात तरी मी पाहिलेलं नाही. म्हणून प्रत्येक फळीच्या टोकावर ती कापल्याचं साल लोखंडी ठशाने ठोकायचं, ही आमची पूर्वीपासूनची पद्धत. दोनच आकडे. बासष्ट. सत्त्याऐंशी. शून्य पाच. चार आकडे कोण ठोकत बसणार? फळीचं टोक ते केवढं! आणि शतक कुठलं हे विसरण्याइतकं बावळट कुणी वखारीत कधी कामाला ठेवलेलंच नव्हतं. नवी फळी आवारात, पांढरीफटक. जुनी फळी माळ्यावर, मधाच्या रंगाची. ज्याला डोळे आहेत त्याला आकडासुद्धा नको.

कॉम्प्युटरला डोळे नाहीत, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

धाकटी सून त्यातलंच शिकलेली. दिवसभर दुसऱ्यांच्या ऑफिसचं तेच करते आणि उरलेल्या वेळात तिने वखारीसाठी एक व्यवस्था केली. माझ्या थोरल्या मुलाने वखारीतली एकेक फळी त्यात घातली, टोकावरचे आकडे जसेच्या तसे. मग रोज सकाळी यंत्रातून चिठ्ठी निघायची, कुठली फळी कुठे जाणार त्याची. मऊ पांढरं लाकूड पाच वर्षांच्या आतलं असलं तर खोक्यांच्या कारखान्याला, त्याहून जुनं दारं-खिडक्यांना, आणि पन्नास वर्षांच्या वरचं असेल तर हात लावायचा नाही, ते वाद्यं करणाऱ्यांचं. मला पटलं. कारण थोरला असा की गिऱ्हाईक उभं राहिलं की हाताला येईल ती फळी ओढायचा. मी हुकूम काढला, "चिठ्ठीत नसेल ती फळी हलणार नाही, आणि चिठ्ठीत असेल ती राहणार नाही. कुणी मधे डोकं चालवायचं नाही." हुकूम बरोबरच होता. अजूनही म्हणते.

पहिल्या आठवड्यातच थोरला चिठ्ठी नाचवत आला.

"आई, हे बघ. ही माळ्यावरची एकतीसची फळी अजून कापायचीच आहे म्हणे. आणि ही सत्तेचाळीसची, ही बहुधा माझे नातू कापतील."

सुनेला बोलावलं. तिने बघितलं आणि हसली. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"आई, तुमच्या ठशात दोनच आकडे आहेत ना. सुरुवातीचे दोन यंत्र आपल्या मनाने घालतं. पन्नासच्या आतला आकडा दिसला की ते धरतं, हे दोन हजारातलं. पन्नास किंवा वरचा दिसला की एकोणीसशेतलं."

"पन्नास कुणी ठरवलं?"

"असंच ठरवतात. कुठेतरी रेघ मारावी लागते."

"रेघ मारायच्या आधी विचारायची पद्धत असते आमच्याकडे."

"करते ना नीट," म्हणाली, आणि उभ्या उभ्याच बोटं चालवली. "झालं. आता अजून यायचं असलेलं साल दिसलं की शंभर वर्षं मागे नेईल."

दुसऱ्या दिवशी एकतीसची फळी एकोणीसशे एकतीसची झाली, सत्तेचाळीसचीही आपल्या वयावर आली. थोरल्याचे नातू सुटले. मी काही कुणाची स्तुती करत नाही. पण त्या दिवशी सुनेचा चहा मी केला, यावरून काय ते समजा.

आता माझ्या भावाबद्दल सांगते. हा माझा धाकटा भाऊ, व्हायोलिनं करतो. उमेदवारी करत होता तेव्हा माझ्याकडे आला की माळ्यावर चढायचा आणि फळ्यांवर बोटाच्या पेरानं टकटक करत कान लावून बसायचा. मागच्या ओळीतली चोवीस सालची एक जाड फळी त्याच्या मनात भरली. माझे सासरे त्याला म्हणाले, "ही तुझी. पण हात तयार झाल्यावर." तो इतका सरळ की हात तयार झाला असं त्याला कधी वाटलंच नाही. दुसऱ्या फळ्या नेल्या, चांगली व्हायोलिनं केली, नाव झालं. पण ती तशीच. दर वेळी विचारलं की म्हणायचा, "अजून नाही गं ताई."

आणि या वर्षी त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. तेव्हा कुठे माझ्याकडे येऊन म्हणाला, "ताई, आता काढतो ती. अजून एक होईल माझ्या हातून. ते तिचंच होऊ दे."

मी म्हटलं, "इतकी वर्षं कुणी हात धरला होता का तुझा?" पण ते आपलं म्हणायचं म्हणून. लगेच भिंतीवरचं कॅलेंडर काढून दिवस ठरवला.

ठरलेल्या दिवशी तो आला, हत्यारांची पिशवी खांद्याला. माळ्यावर चढला. बराच वेळ टकटक ऐकू येईना. मग वरून हळूच हाक आली.

"ताई, इथे जागा रिकामी आहे."

माझ्या गुडघ्यांना जिना सोसत नाही, तरी चढले. मागच्या ओळीत धुळीमध्ये एक लांबट स्वच्छ पट्टा. जणू कुणी ओल्या फडक्याने पुसून ठेवलाय.

खाली येऊन थोरल्याला गाठलं.

"मागच्या ओळीतली फळी कुठंय?"

"कुठली? काल गेली ती? चिठ्ठीत होती की. चोवीस, मऊ पांढरं, खोक्यांना."

"अरे, माळ्यावरून उतरवलीस ना ती? हातात धरलीस ना? वर्षाची फळी अशी दिसते?"

"रंग बघून मला वाटलं होतं, आई. पण म्हटलं, असेल काहीतरी यंत्राला माहीत. तूच म्हणालीस डोकं चालवायचं नाही. मागे एकदा चालवलं तर दोन दिवस ऐकवलंस."

"मी डोकं चालवू नको म्हटलं होतं, घरी ठेवून ये असं नव्हतं म्हटलं!"

भाऊ स्टुलावर बसला होता. एक हात दुसऱ्या हाताखाली दाबून.

सून आली. पडद्यावर बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई... एकतीस अजून यायचं होतं म्हणून सापडलं. चोवीस तर होऊन गेलंय ना. मग यंत्राला त्यात काही खटकलंच नाही. मागच्या वर्षीची म्हणून धरलं."

"म्हणजे तू ठिगळ लावलंस ते जिथे दिसत होतं तिथेच."

"हो. थांबा, निदान चारही आकडे दिसतील असं करते. म्हणजे परत फसायला नको." तिने काहीतरी दाबलं. मी चष्मा लावून वाकले. आजेसासऱ्यांच्या फळीसमोर ठसठशीत आलं, दोन हजार चोवीस.

"वा," मी म्हटलं. "इतके दिवस अर्धं खोटं बोलत होतं. आता पूर्ण बोलायला लागलं."

"दाखवायचे आकडे वाढले, आतलं साल तेच राहिलं," ती पुटपुटली. "सुरुवातीचे दोन कुणी कधी लिहिलेच नव्हते. मी कितीही लांब दाखवलं तरी ते आपल्या मनातलंच दाखवणार."

"माहीत नव्हतं तर विचारायचं होतं त्याने!"

"ते आपणहून विचारत नाही, आई. विचारायला मी शिकवायला हवं होतं."

सरळ सांगितलं तिने, कारणं दिली नाहीत. त्यामुळे मला आणखी ओरडताही येईना. तेवढ्यात तिनेच किल्ली उचलली. "मामा, चला. काल गेलीय ना? अजून खोकी बाहेर पडली नसतील."

टेम्पोत ती चालवायला, मधे मी, कडेला भाऊ. थोरला मागे, उघड्यावर. त्याला तिथेच बरं होतं.

"हळू चालव. पोचायचंय आपल्याला."

"हळू चालवलं तर खोकं पोचेल, आई. परदेशात."

भाऊ पहिल्यांदा हसला. "ताई, पाडली असेल गं त्यांनी करवतीखाली. राहू दे. दुसरी बघू."

"तू गप्प बस. राहू दे राहू दे करत आयुष्य गेलं तुझं."

खोक्यांच्या कारखान्यात खिळे ठोकायच्या यंत्रांचा असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येईना, आणि मला ते अजिबात चालत नाही. पाण्याचे पंप खोक्यांत बसवून एका बाजूला रचून ठेवले होते. तिथला मुकादम कानात कापूस घालून उभा. मी त्याचा कापूस काढायला लावला.

"काल आमच्याकडून गाडी आली. त्यात एक फळी चुकून आली. जुनी, जाड. टोकावर चोवीस आहे."

"बाई, तुमच्या सगळ्या मालावर चोवीस आहे."

"त्यातली एक खरी चोवीसची आहे."

"मग बाकीच्या काय खोट्या?"

"बाकीच्या तुमच्या. ती आमची."

त्याने माझ्याकडे, मग सुनेकडे, मग मागे उभ्या थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने मान खाली घातली. घरातली सवय.

"सगळं सकाळीच लागलं बघा," मुकादम म्हणाला. "पातळ असेल तर बाजूला, जाड असेल तर खोक्याखालच्या आडव्या पायाला. संध्याकाळच्या आत ही रांग उचलायला गाडी येतेय. शोधा काय शोधायचं ते, पण खोकं उघडायचं नाही. आत पंप आहेत, वर सील आहे."

पायाला! म्हणजे ज्या लाकडातून सूर निघायचा ते पंपाखाली घालून ठेवलेलं. रंगावरून शोधावं म्हटलं तर पायांना खालून काळं औषध फासलेलं, वाळवी लागू नये म्हणून. सगळे पाय सारखेच काळे. आकडा बघावा तर जिथे दिसतो तिथे चोवीस. माझे डोळे, ज्यांच्या जोरावर मी सकाळपासून सगळ्यांना फाडून खात होते, तेही तिथे कामाचे नव्हते.

भाऊ चांगल्या कपड्यांनिशी फरशीवर आडवा झाला. पहिल्या खोक्याच्या पायाला पेर लावलं. पण हात थरथरत होता, एका टकटकीच्या जागी चार होत होत्या. त्याने हात मागे घेतला. मी तोंड दुसरीकडे केलं.

सून त्याच्या शेजारी फरशीवर बसली. "मामा, मी ठोकते. तुम्ही ऐका."

"जोरात नको. दारावर ओळखीचं माणूस ठोकतं ना, तसं."

मी मुकादमाला सांगितलं, "यंत्रं बंद कर जरा."

"बाई, माझं काम..."

"बंद कर म्हटलं ना."

केली. का केली कुणास ठाऊक, पण माझ्यासमोर बरेच जण करतात. अख्खी शेड गप्प झाली. सून ठोकायची, भाऊ कान लावायचा, मान हलवायचा. पुढचं. ठोकलं, मान हलवली. पुढचं. खिळे ठोकणारे लोक भोवती जमून बघत होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "डॉक्टर आहेत का?" दुसरा म्हणाला, "खोक्यांचे."

रांगेच्या शेवटी शेवटी तिने एका पायावर ठोकलं आणि मलासुद्धा ऐकू आलं. मला, जिला सुरातलं काही कळत नाही! बाकीचे पाय ठक् करून गप्प बसत होते. हा ठोकल्यावर थोडा वेळ बोलत राहिला.

"ही," भाऊ म्हणाला. मग पलीकडच्या पायाला ठोकायला लावलं. "आणि हीसुद्धा. दोन तुकडे केलेत."

"दोन तुकडे?" मी विचारलं.

"उभी चिरलीय गं मधून. ते तर मीच करणार होतो. व्हायोलिनचं पोट, म्हणजे वरची फळी, दोन तुकडे जोडूनच करतात."

मुकादम आडवा आला. "खोकं उघडायचं नाही."

"उघडत कोण आहे?" मी म्हटलं. "पंप तुझा, सील तुझं, खोकं तुझं. फक्त पाय बदलायचेत. माणसं जोडे बदलतात तेव्हा काय पोटातलं बाहेर काढतात?"

"आणि नवे पाय कुठून आणणार?"

तेव्हा थोरला पुढे आला. खांद्यावर मागच्या वर्षीच्या दोन जाड फळ्या. निघताना त्याने आपणहून टेम्पोत टाकल्या होत्या. "लागतील असं वाटलं," म्हणाला, आणि माझ्याकडे अशा भीतीने बघितलं की मी काहीच बोलले नाही. बोलले नाही याचा अर्थ त्याला कळतो.

टेम्पोचा जॅक लावून खोकं उचललं, पहारीने जुने पाय सोडवले. टोकांना खिळे होते, ते टोकांबरोबर जाणारच होते. पण एका तुकड्याच्या ऐन मधल्या भागात एक खिळा आरपार गेला होता. भाऊ ते भोक बघत राहिला. त्यावरून अंगठा फिरवला. वितीने कडेपासून मोजलं. वीत थरथरत होती, म्हणून परत मोजलं.

"गेलं?" मी विचारलं.

"ताई, व्हायोलिनच्या पोटावर दोन वळणदार भोकं असतात ना, आवाज बाहेर यायला?"

"असतात. मग?"

"हे जवळजवळ तिथेच आहे. थोडं इकडे सरकवून आखलं तर कापून टाकतानाच निघून जाईल." आणि तो फरशीवर बसूनच हसायला लागला, काळ्या हातांनी डोळे पुसत. तोंडभर औषध लागलं.

"मला पाहिजे तिथे यांनी आधीच भोक पाडून दिलंय."

मुकादम म्हणाला, "त्याची मजुरी नाही घेत." मग यंत्रं सुरू केली आणि कानात कापूस घातला.

त्यानंतर वखारीत जे सुरू झालं त्याने माझा जीव नकोसा झाला. सुनेने यंत्राला विचारायला शिकवलं. आता ते मनाने काही घालत नाही, दोन आकडे दिसले की हटून बसतं. पूर्ण साल लिहा. माळ्यावरच्या प्रत्येक फळीसाठी मला वर खुर्ची टाकून बसावं लागलं. ती टोक दाखवायची, मी शतक सांगायचे, ती चारही आकडे लिहायची. कुठे मलाही माहीत नसलं तर ती जागा मोकळी सोडायची. मोकळी जागा मला बघवत नाही, मी म्हटलं घाल काहीतरी अंदाजाने. ती म्हणाली, "आई, अंदाजानेच तर ती फळी पंपाखाली गेली होती." बरं, माळ्यापुरतं ठीक. पण सकाळी माझ्या डोळ्यांदेखत कापलेल्या फळीलाही ते विचारतं, पूर्ण साल लिहा. अरे बाबा, अजून रस गळतोय तिचा!

थोरल्याने उत्साहाने चार आकड्यांचा ठसा करून आणला. पहिल्याच घावाला पातळ फळीचं टोक उभं चिरलं. दुसरीचंही. तो ठसा हातात घेऊन उभा राहिला आणि मी त्याला म्हटलं, आता तिसरीवर बघ, कदाचित तिला आवडेल.

भावाने मात्र व्हायोलिन केलं. वेळ लागला. हात बरा असेल त्या सकाळी काम, नसेल त्या दिवशी नुसतं बघत बसणं. धरायला कुणीतरी हवं असायचं, तेव्हा सून जायची. पोट चिकटवून पेटी बंद करायच्या आधी आत करणाऱ्याच्या नावाचं लेबल लावतात, म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. लेबलांचा जुना गठ्ठा काढला. त्यावर नाव छापलेलं, खाली साल. सालातले पहिले दोन आकडे आधीच छापलेले, एकोणीस, आणि पुढे दोन मोकळ्या जागा.

सून ओरडलीच. "मामा! तुम्हीसुद्धा?"

"उमेदीत छापून घेतली होती गं. वाटलं, कुठे जातंय शतक. मग त्या एकोणीसवर काट मारून शेजारी लिहीत आलो."

"या व्हायोलिनवर काट मारायची नाही," मी म्हटलं. "आण इकडे. एकोणीस छापलंय ना? पुढे चोवीस लिही. फळीचं साल. आयुष्यात एकदा तरी तुझं लेबल खरं बोलू दे."

त्याने लिहिलं. आकडे वाकडेतिकडे आले, पण चोवीस वाचता येत होतं. मग पेन सुनेच्या हातात दिलं, "केल्याचं साल खाली तू लिही." तिने लिहिलं, चारही आकडे, सरळ. मी शेजारी उभं राहून बघितले.

थोरला मागून वाकला. "आई, मग यंत्रात हे व्हायोलिन कुठल्या सालात घालू?"

मी त्याला पाणी आणायला पाठवलं.